वरच्या घराची नोंदणी

१

सकाळी सहाला चहाचा पेला घेऊन संगणकासमोर बसायचं आणि आधी कचरा काढायचा, हा माझा दोन वर्षांचा नेम होता. कचरा म्हणजे खोट्या नोंदण्या. हिनोकुबो ही जपानातली आमची एकोणीस घरांची वाडी, डोंगरउतारावर एकाखाली एक बसलेली. तिच्या संकेतस्थळाचं सभासद होण्यात जगात कोणाला काय रस असणार? पण रोज सकाळी तीनशे-चारशे नावं हजर. नावं तरी कसली! कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यावर उमटतील तशी अक्षरं. कोणाला औषधं विकायची असत, कोणाला जुगार. आमचं यंत्र भाबडं. ते प्रत्येकाला इमानेइतबारे खात्रीची मेल पाठवायचं, 'हे खरंच तुम्ही असाल तर खालची लिंक दाबा.' आणि खोट्या पत्त्यांवरून परत आलेल्या त्या सगळ्या मेल माझ्या बोकांडी बसायच्या.

मी शेती सहकारी संस्थेत कारकून होते आणि मला टायपिंग येतं, एवढ्या पापावर हे काम माझ्याकडे आलं. वाडीच्या सभेत अध्यक्ष ओबाता-सान म्हणाले, "सानाए-सानना सगळं येतं," सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला. आमच्याकडे गप्प बसलेल्या माणसाने होकार दिला असंच धरतात.

सोडून द्यावं तर तेही जमत नव्हतं, कारण त्या संकेतस्थळावर सकाळची खूण होती. वाडीत अकरा म्हातारी माणसं एकेकटी राहतात. रोज सहाला त्यांना एक मेल जायची, तीत एकच मोठं बटण, 'ठीक आहे'. नऊपर्यंत ज्याची खूण आली नाही त्याच्या घरी मी जायचं. मागच्या फेब्रुवारीत मोरिवाकी आजोबांची खूण आली नाही. मी गेले तर ते न्हाणीघराच्या फरशीवर पडलेले होते, ओठ निळे. आणखी तासभर गेला असता तर वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

नोव्हेंबरात मेल पोचवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. आमच्याकडून जाणाऱ्या मेल फार मोठ्या प्रमाणात परत येतात, पंधरा दिवसांत हे थांबलं नाही तर सेवा बंद. मेल बंद म्हणजे खूण बंद. मी ओबाता-सानना फोन लावला.

"मग दुसरी कंपनी घ्या," ते म्हणाले.

"आणि नव्या पत्त्यावरून आलेली मेल म्हाताऱ्यांना सापडणार का? तोमे आजींना जुनी सापडायला तीन आठवडे लागले होते. रोज फोन करून म्हणायच्या, पोस्टमन आलाच नाही."

"मग त्या स्पॅमवाल्यांना कळवा ना, की बाबांनो, येऊ नका."

मी फोन ठेवला. आपटला म्हटलं तरी चालेल.

२

दोन दिवस डोकं खाजवल्यावर मला उपाय सुचला, आणि तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश झाले होते. आमच्याकडे फिरती पाटी असते. सूचनांचे कागद अडकवलेली लाकडी फळी. वाचायची, आपल्या चौकटीत शिक्का मारायचा आणि खालच्या घरी नेऊन द्यायची. पाटी वरून खाली जाते आणि कोण कोणाला देतो हे आमच्या आजोबांच्या आधीपासून ठरलेलं आहे. मी नोंदणीच्या पानावर एकच प्रश्न टाकला, 'पाटी तुम्ही कोणाकडे देता?' उत्तर बरोबर आलं की आधी त्या माणसाला नेहमीची खात्रीची मेल आणि मग खालच्या घराला मेल जाणार, 'हे तुमचे शेजारी ना?' त्यांनी मान्य केलं की माणूस आत. परदेशात बसलेल्या कुठल्या यंत्राला हे कळणार?

परदेशातल्या यंत्राचं सोडा, आमच्या अध्यक्षांनाच कळलं नाही. सगळ्यांना नव्याने नोंदणी करायची होती आणि ओबाता-सानचं उत्तर तीनदा चुकलं. फोनवर त्यांचा आवाज चिडका झाला होता.

"तुमचं यंत्र बिघडलंय."

"यंत्र ठीक आहे. पाटी कोणाकडे देता तुम्ही?"

"मी कशाला देऊ? ही नेते चाळीस वर्षं." मग रिसीव्हर बाजूला धरून ओरडले, "अगं ए, पाटी कुठे नेऊन टाकतेस?"

आतून बाई काहीतरी बोलल्या. "अरे देवा, त्यांच्याकडे? त्यांच्याशी तर मी बोलत नाही," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सहाला पान उघडलं. खोट्या नोंदण्या, शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या, तेव्हा पलीकडच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं की कोण आलंय.

चौथ्या दिवशी एक होती. वेळ सहा वाजून दहा मिनिटं. ईमेलचा पत्ता तसाच मांजरछाप. नावाच्या जागी 'वरचे घर'. पाटी कोणाकडे देता? 'त्सुकुदा.'

त्सुकुदा म्हणजे आम्ही. पण आमचं घर वाडीत सगळ्यात वर आहे. अध्यक्ष सूचना काढतात, ती पाटी सुरुवातीला सरळ आमच्याकडे येते आणि इथून घराघराने खाली उतरते. आम्हाला वरून पाटी देणारं घर नाही. आमच्या वर देवदाराचं रान आहे, तेही सरळ कड्यापर्यंत. प्रश्न लिहिताना मी आमचंही नाव उत्तरांत टाकून बसले होते, एकोणीस घरांची यादी डोळे झाकून उतरवली म्हणून. कारकुनी चूक. कुठल्यातरी यंत्राला आडनाव आंधळेपणाने लागलं असेल, असं म्हणून मी ती नोंद पुसली.

३

ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मी आमचं नाव उत्तरांतून काढून टाकलं. तिसऱ्या दिवशी तरीही आली. मग दोन आल्या, मग चार. मग दर दहा मिनिटांनी, सगळ्या 'वरचे घर', सगळ्या 'त्सुकुदा'. प्रत्येकीची खात्रीची मेल परत यायची आणि कंपनीच्या हिशेबात भर पडायची.

एवढं झालं असतं तरी मी समजून घेतलं असतं. पण मी नोंदी वाचत बसले आणि एका ओळीपाशी अडकले. मेल परत आली सहा दहाला, 'असा पत्ता अस्तित्वात नाही.' मेलमधली लिंक दाबली सहा अकराला. जी मेल कोणाला पोचलीच नाही, तिच्यातली लिंक कोणी दाबली? मी हे ज्यांच्याकडून संकेतस्थळ घेतलं होतं त्यांच्या मदत क्रमांकावर विचारलं. पलीकडचा माणूस भारी नम्र होता.

"असं होऊ शकत नाही, मॅडम."

"होऊ शकत नाही हे मलाही कळतं. झालंय, ते सांगते आहे."

"आपण संगणक एकदा बंद करून परत चालू केलात का?"

मी केला होता. सहा वेळा.

त्या दुपारी सासूबाई ओसरीवर लोणच्याचे मुळे जोडीजोडीने दोरीला बांधत होत्या. कियोनो नाव त्यांचं, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. माझा नवरा गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. मी मुळे वळचणीला टांगता टांगता सहज विचारल्यासारखं केलं, "आई, आपल्या वर कधी कोणाचं घर होतं का हो?"

"वर? वर कुठलं घर? नव्हतंच कधी."

"तेच म्हणते मी."

त्यांनी आणखी एक गाठ मारली. "पाटी मात्र यायची अधूनमधून," त्या म्हणाल्या.

माझ्या हातातली दोरी सुटली. "वरून?"

"वरून नाही तर कुठून? दिवसाढवळ्या यायची. तुझे सासरे जाऊन घ्यायचे. मला दाराशी येऊ द्यायचे नाहीत."

"मग काय करायचे ते?"

"काय करायचं असतं? शिक्का मारायचा, पुढे द्यायची. पाटी आपल्याकडे दाबून ठेवू नये, एवढंही तुला मीच सांगू का?" आणि मग, "तो मुळा नीट बांध, पडेल," म्हणून मलाच दटावलं.

आई हल्ली विसरतात. कालचं जेवण विसरतात, माझ्या नवऱ्याला हाक मारतात. मी तेच धरून बसले आणि त्यावर स्वतःची समजूत घातली.

४

मुदतीचा एक दिवस उरला होता. कंपनीला फोन केला, विनवण्या केल्या. त्यांचं म्हणणं एकच, परत येणाऱ्या मेल थांबवा. मी नोंदणीचं पानच बंद करून पाहिलं. बंद पानावरूनही नोंदण्या आल्या. ओबाता-सानना सांगितलं तर ते म्हणाले, "अहो, मग देऊन टाका मान्यता एकदाची. वीस घरं म्हणा. बसेल बिचारं कोपऱ्यात."

"कोण बसेल? कोण आहे ते?"

"ते तुम्हालाच माहीत. तुमचे शेजारी ना?"

दुपारी तीनला मी संगणकासमोर होते. आई आतल्या खोलीत झोपल्या होत्या, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. तेवढ्यात दाराकडून एक आवाज आला. लाकूड लाकडावर ठेवल्याचा. तो मी ओळखते, या वाडीत कोणीही ओळखेल. पाटी आणणारा माणूस घरात कोणी दिसलं नाही तर दार बोटभर सरकवतो, आतल्या चपलांच्या कपाटावर पाटी ठेवतो आणि जातो.

मी उठून गेले. दार वीतभर उघडं होतं. कपाटावर काही नव्हतं. बाहेर अंगणात ऊन पडलेलं, मुळ्यांच्या सावल्या भिंतीवर, चिटपाखरू नाही. मी दार ओढून लावलं आणि परत येऊन बसले तोच पुन्हा आवाज. या वेळी मी धावले. दार पुन्हा वीतभर उघडं. कपाटावर देवदाराच्या दोन-चार ओल्या सुया पडल्या होत्या. वारा असेल, असं मी मोठ्याने म्हणाले. वारा नव्हता.

परत आले तर पडद्यावर आमच्या घराच्या नावाने मेल उभी होती. 'वरचे घर. हे तुमचे शेजारी ना?' खाली हो आणि नाही. मी नाही दाबलं. तीच मेल परत आली. नाही. परत आली. दाराशी लाकूड वाजलं. नाही, नाही, नाही. दर वेळी कंपनीचा आकडा एकेकाने वर जात होता आणि त्या आकड्याच्या पलीकडे मला न्हाणीघराची फरशी आणि मोरिवाकी आजोबांचे निळे ओठ दिसत होते.

भीती वाटली होती, खोटं कशाला बोलू. पण त्या क्षणी भीतीपेक्षा संताप मोठा होता. दोन वर्षं उपसलेला कचरा, ओबाता-सान, तो नम्र माणूस, सगळं एकदम डोक्यात गेलं. "घे! मर!" असं ओरडून मी हो दाबलं.

सगळं थांबलं. परत येणाऱ्या मेल थांबल्या. दाराशीही शांत झालं. संध्याकाळी कंपनीचं आभाराचं पत्र आलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी पान उघडलं तर अकराच्या अकरा खुणा आलेल्या. सगळ्यांची वेळ सहा वाजून दहा मिनिटं. मला आनंद झाला, सांगायला लाज वाटते. साडेआठपर्यंत जागे न होणारे लोक बटण दाबायला शिकले म्हणायचं. ओबाता-सान फोनवर म्हणाले, "बघा, तुम्ही उगाच किरकिर करता." तिसऱ्या दिवशी तसंच, चौथ्या दिवशी तसंच. इतक्या जणांची वेळ एकच कशी, हे मनात आलं होतं. यंत्राचं घड्याळ बिघडलं असेल म्हणून मी ते झटकून टाकलं. कित्येक महिन्यांनी मी सकाळी शांतपणे चहा प्यायले.

पाचव्या दिवशी दहाच्या सुमाराला मी तोमे आजींकडे मुरवलेला मुळा घेऊन गेले. त्यांचं घर आमच्या लगेच खाली. हाक मारली, उत्तर नाही. आत गेले. आजी रजई पांघरलेल्या, खालून शेकणाऱ्या बैठ्या मेजात पाय घालून बसल्या होत्या, गाल मेजावर टेकलेला. मी खांद्याला हात लावला आणि लगेच काढला.

डॉक्टर म्हणाले, काल दुपारीच गेल्या असाव्यात. मी त्यांना म्हटलं, शक्य नाही, आज सकाळी त्यांची खूण आली आहे. ते माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहत राहिले. आजींचा टॅब्लेट शेवटी कपाटाच्या खणात मिळाला, दिव्याच्या वातींच्या खाली. त्यात चार्जिंगही नव्हतं.

काल दुपारपासून आज दहापर्यंत त्या तशाच बसून होत्या आणि मी हिरवी खूण बघून चहा पीत होते. ते मी स्वतःला माफ करू शकत नाही.

दहनाच्या दिवशी सकाळीही तोमे आजींची खूण आली. ठीक आहे. सहा वाजून दहा मिनिटं.

६

मी 'वरचे घर' काढून टाकायला गेले तर यंत्राने विचारलं की यासाठी वरच्या घराची संमती आहे का. त्यावर मी पुढे काही वाचलं नाही. सगळं संकेतस्थळच पुसलं, कंपनीची सेवा रद्द केली, संगणकाची वायर भिंतीतून उपटली.

ओबाता-सान तावातावाने वर चढून आले. "वाडीची दोन वर्षांची मेहनत होती ती!"

"वाडीची? माझी होती. तुम्हाला तर स्वतःची पाटी कुठे जाते ते ठाऊक नव्हतं."

"आणि म्हाताऱ्यांचं काय?"

"मी जाईन. रोज. माझ्या पायांनी."

दुसऱ्या दिवसापासून मी सात वाजता निघायला लागले. आता दहा घरं होती. नियम मी मनाशी पक्का केला होता, नुसता आवाज चालणार नाही. दार उघडायचं, तोंड दाखवायचं, मग मी पुढे जाणार. लोक कुरकुरले. पहाटेचं कोण छळतंय, दात तरी लावू द्या, असं म्हणाले. मला ती कुरकुर गोड लागायची. यंत्राला असं वैतागता येत नाही.

चौथ्या सकाळी दव गोठलं होतं. पहिली पाच घरं झाली, पाचही जणांनी तोंडं दाखवली. मोरिवाकी आजोबांचं दार ठोठावलं तर ते आतूनच खेकसले, "अहो, किती वेळा ठीक आहे म्हणू?"

"दार उघडा, आजोबा. नियम आहे."

ते उघडून उभे राहिले, अंगात अर्धवट चढवलेला स्वेटर. "आत्ताच तर विचारून गेलात. दहा मिनिटं नाही झाली."

"मी नव्हते. मी आत्ता येते आहे."

"माझ्या कानाला काही झालेलं नाही. तुमचाच आवाज. मी कपडे बदलत होतो म्हणून आतूनच ओ दिली. फक्त जरा वरून आल्यासारखा वाटला. म्हटलं, थंडीचं ही बाई आपल्या छपरावर कशाला चढलीये."

"काय म्हणाले मी?"

"ठीक आहे का, म्हणालात. मी म्हटलं, ठीक आहे. मग म्हणालात, सगळ्यांचं मी बघते, आमच्या आईंचं कोण बघतं. आता तिकडेच जाते म्हणालात." त्यांचा चेहरा उतरला. "का हो? गेला नाहीत का?"

आई कधीच यादीत नव्हत्या. त्या एकट्या राहत नाहीत म्हणून. गेले तीन दिवस मी रोज दीड तास त्यांना एकटं सोडून दुसऱ्यांची दारं ठोठावत होते.

आजोबांच्या अंगणातून वर पाहिलं की आमचं घर दिसतं. वळचणीला मुळ्यांची पांढरी ओळ, तिच्यामागे उघडं दार, आणि दारात आई. त्यांचा कणा इतका वाकला आहे की गेली कित्येक वर्षं त्यांनी समोरच्याच्या छातीच्या वर पाहिलेलं नाही. आत्ता त्या मान मागे टाकून सरळ वर बघत होत्या. दोन्ही हात त्यांनी आदराने डोक्याच्या वर धरले होते आणि मुळ्यांच्या ओळीच्याही वरून, छपराच्या कडेवरून, काहीतरी चपटं त्यांच्या हातांत उतरत होतं. ते धरणारा हात मला कोपरापर्यंत दिसला. पंजापासून कोपर फार लांब होतं.

"आई!" मी ओरडले. "घेऊ नका! आई, घेऊ नका ते!"

त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी ते घेतलं, कपाळाला लावलं, कमरेतून वाकून नमस्कार केला. मग पाहुण्यासाठी होतात तशा दारातून एका बाजूला झाल्या.

मी चढावर धावत सुटले. गोठलेल्या पायऱ्यांवर दोनदा पडले, गुडघा फुटला, मागून आजोबा काय ओरडत होते ते कळलं नाही. तोमे आजींच्या घरापाशी पोचले तेव्हा वर आमचं दार एका दमात सरकून बंद झाल्याचा आवाज आला. आमचं दार हिवाळ्यात फुगतं, मलासुद्धा खांदा लावून ढकलावं लागतं. आईंना तर ते हलतही नाही.